बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम दुसऱ्याच्या रानात

१८८५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ट्वायफर्ड गावातून एक वरात निघाली. सगळ्यात पुढे तीनचाकी सायकलवर नोकर. त्याच्यामागे दोन घोड्यांनी ओढलेली, महोगनी आणि मेपलच्या लाकडाची, दीड-दोन टन वजनाची गाडी. गाडीत एक डॉक्टर, एक न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. डॉक्टरांचं नाव विल्यम गॉर्डन स्टेबल्स. मूळचे स्कॉटलंडचे, ब्रिटिश नौदलात शल्यचिकित्सक म्हणून नोकरी केलेले, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून त्यांनी ही गाडी मुद्दाम करवून घेतली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं ‘वाँडरर’. तिच्यातून ते पार स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत, सुमारे १,३०० मैल गेले. पोटासाठी नव्हे, तर हौसेखातर चाकांवरच्या घरातून केलेल्या प्रवासांत हा पहिला गाजलेला प्रवास.

सायकलवरच्या नोकराकडे दोन कामं होती. अरुंद रस्त्यावर किंवा चढाच्या माथ्यावर समोरून कुणी येत असेल तर त्याला सावध करायचं, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा पाहून ठेवायची. पहिलं काम रुंद रस्त्यांनी केव्हाच संपवलं. दुसरं सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही तसंच शिल्लक आहे. चाकांवरचं घर बिछाना, चूल, पाण्याचं पिंप असं सगळं घेऊन हिंडतं. जमीन मात्र घेऊन हिंडू शकत नाही. स्टेबल्सना रोज संध्याकाळी कुणातरी शेतकऱ्याचं कुरण नाहीतर एखाद्या खानावळीचं आवार मागावं लागे, घोड्यांसाठी तबेला मागावा लागे. पुढच्या वर्षी त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि ते वाचून इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांमध्ये अशा गाड्यांचं वेड शिरलं.

आरव्ही (म्हणजे चाकांवरची मोटार-घरं) आणि ट्रेलर यांचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या अंगाने सांगितला जातो: अमुक साली अमुक मॉडेल आलं, पत्रा हलका झाला, फ्रीज बसला. पण या प्रवासाचा खरा इतिहास परवानगीचा आहे. कुणी कुणाला आपल्या आवारात एक रात्र राहू दिलं, कशाच्या बदल्यात, आणि कुणाला हाकलून लावलं, हे पाहिलं की सगळं चित्र उलगडत जातं.

हाकलून लावण्यापासूनच सुरुवात करायला हवी. स्टेबल्सना गाडीची कल्पना सुचली ती रोमानी लोकांच्या रंगीत गाड्या पाहून. हे लोक कित्येक पिढ्या इंग्लंडच्या गल्लीबोळांतून आणि माळांवरून असेच हिंडत होते. कल्हई करत, घोड्यांचे सौदे करत, सुगीला मजुरीने जात. डॉक्टरांची गाडी गावात शिरली की पोरंटोरं कौतुकाने जमत. रोमानी गाडी शिरली की शिपाई येई. ‘वाँडरर’ रस्त्यावर होती त्याच दशकात जॉर्ज स्मिथ नावाचे समाजसुधारक चाकांवर राहणाऱ्या कुटुंबांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करणारं विधेयक संसदेत पुन्हा पुन्हा आणवत होते. त्याला तोंड द्यायला जत्रांमध्ये खेळ करणाऱ्या फिरस्त्यांनी १८८९ मध्ये आपली संघटना बांधली आणि ते विधेयक अखेरपर्यंत मंजूर होऊ दिलं नाही. याच ब्रिटिश राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात १८७१ मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदा करून हिंडणाऱ्या माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

१९०७ मध्ये लंडनमध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष होते. सभासदांना मुक्कामाच्या जागा मिळवून देणं हा या क्लबचा सुरुवातीपासूनचा उद्योग. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीला जोडायच्या कॅराव्हॅन आल्या, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने १९१९ मध्ये त्या बनवायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता मध्यमवर्ग त्यांच्यातून सुटीवर निघाला. शेतकऱ्याने पाच-सात गाड्या बांधावर घेणं ही मग नित्याची गोष्ट झाली. १९६० मध्ये ब्रिटनने कॅराव्हॅनच्या तळांवर परवान्याचं बंधन आणलं, पण त्यात एक फट ठेवली. मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणपत्र दिलं, तर शेतकऱ्याला वेगळ्या परवान्याशिवाय एका वेळी पाच कॅराव्हॅनपर्यंत ठेवता येतात, अट इतकीच की त्या क्लबच्या सभासदांच्या असाव्यात. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैलापाणी रिकामं करायची जागा, एवढी सोय पुरते. अशी दोन हजारांहून अधिक शेतं, फळबागा आणि खानावळींची आवारं आजही ब्रिटनभर आहेत. ग्रामीण पर्यटनासाठी जगात कुठे केलेल्या शहाण्या तरतुदींमध्ये ही गणली पाहिजे. पण त्याच १९६० च्या कायद्याचा आधार घेऊन नगरपालिकांनी रोमानी कुटुंबांचे तळ उठवले. आठ वर्षांनी नवा कायदा करून पालिकांवर त्यांना जागा देण्याची जबाबदारी टाकावी लागली. १९९४ मध्ये तीही काढून घेतली गेली. शेतकऱ्याचं कुरण तेच होतं, गाडीची चाकंही तीच होती. सभासदाचं कार्ड तेवढं वेगळं.

अमेरिकेत गोष्ट निराळ्या वाटेने गेली, कारण तिथे गाडी आधी आली आणि क्लब मागाहून. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी बाजारात आली आणि काही वर्षांतच सामान्य कुटुंब तंबू, भांडी, घोंगड्या बांधून निघू लागलं. हॉटेलं रेल्वे स्टेशनांजवळ होती, महाग होती, आणि धुळीने माखलेल्या कपड्यांनी तिथल्या दिवाणखान्यात शिरायची लोकांना लाज वाटे. मग जिथे दिवस मावळेल तिथे, कुणाच्या शेतात, शाळेच्या अंगणात, ओढ्याकाठी गाडी थांबायची. हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज या चौघांच्या सफरींनी या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. १९१५ ते १९२४ या काळात ही मंडळी जवळजवळ दर उन्हाळ्यात निघत. सोबत स्वयंपाकाचा स्वतंत्र ट्रक असे, आणि १९२१ मध्ये मेरीलँडमधल्या त्यांच्या तळावर राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंगही राहून गेले. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो झळकले की हजारो कुटुंबांना तशीच हुक्की येई.

शेतकऱ्यांनी आधी मोकळ्या मनाने जागा दिली. पण गर्दी वाढली तशी कुंपणं तुटली, सफरचंदं चोरीला गेली, शेकोट्या विझवल्या न जाता राहिल्या, डबे आणि कागद शिवारभर पडले. फाटकांवर प्रवेशबंदीच्या पाट्या चढल्या. तेव्हा यजमानपण गावांनी उचललं. १९२० च्या सुमारास पश्चिमेकडच्या गावागावांत नगरपालिकेचे मोफत मोटार-तळ उघडले गेले. हिशेब सरळ होता: मुक्कामी माणूस पेट्रोल भरणार, पाव-अंडी घेणार, गाडी दुरुस्त करणार. डेन्व्हरच्या ओव्हरलँड पार्कमध्ये १६० एकरांवर सुमारे आठशे गाड्यांची सोय होती. तीन मजली क्लबहाउस होतं, किराणा दुकान होतं. एका गावाने नळ दिला की शेजारचं गाव गरम पाण्याची न्हाणीघरं देई. व्यापारी मंडळांमध्ये जणू चढाओढ लागली.

अशाच एका तळावर, १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे डी सोटो पार्कात ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना जन्मली. गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. रस्त्यात डबेवाली गाडी अडलेली दिसली की दुसऱ्या डबेवाल्याने थांबायचंच, तळ सोडताना जागा साफ करूनच निघायचं, हे त्यांचे नियम. हिवाळ्यात थंड प्रांतांतले हे निवृत्त शेतकरी आणि कारागीर हजारोंच्या संख्येने फ्लोरिडात उतरत. टँपाला पुढे ही गर्दी नकोशी झाली, तेव्हा आर्केडिया, सारासोटा या गावांनी त्यांना बोलावणं धाडलं. फुकट मुक्कामाला शिस्तीची जोड हवी, हे अमेरिकेत आधी ओळखलं ते या लोकांनी.

मोफतपणा मात्र फार टिकला नाही. तळांवर हौशी कुटुंबांबरोबर काम शोधणारे मजूर, बेघर कुटुंबं, हंगामी फळतोडे येऊन राहू लागले. गावांना पाहुणा हवा होता तो खिशात पैसे असलेला. १९२३ ते १९२५ या काळात बहुतेक ठिकाणी रोजचे २५ ते ५० सेंट आकारायला सुरुवात झाली; शुल्काचा हेतू खर्च भागवण्याइतकाच गरिबाला बाहेर ठेवण्याचाही होता. एकदा पैसे घ्यायचेच म्हटल्यावर खाजगी मालक उतरले, तंबूंच्या जागी लाकडी खोल्या आल्या, आणि १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे ‘मोटेल’ हे नाव लावणारं पहिलं विश्रामस्थान उभं राहिलं.

दरम्यान तंबूची जागा ट्रेलर घेत होता. डेट्रॉइट भागातल्या आर्थर शर्मन या जीवाणूशास्त्रज्ञाची हकिगत या व्यवसायात अजून सांगितली जाते. १९२९ मध्ये त्यांनी मिनिटांत उभा राहतो म्हणून विकला जाणारा तंबू-ट्रेलर घेतला. पहिल्याच सहलीत पाऊस कोसळला, तंबू काही उभा राहिना आणि सगळं कुटुंब भिजलं. परतल्यावर त्यांनी स्वतःच भक्कम भिंतींचा ट्रेलर बांधवून घेतला. मुलांनी त्याला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हटलं. १९३० च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात तो मांडला गेला आणि १९३६ पर्यंत शर्मन देशातले सगळ्यात मोठे ट्रेलर-उत्पादक झाले. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायला जाईल, असं भाकीत अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी याच सुमारास केलं होतं.

हे १९३६ साल जरा थांबून पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी वॉली बायम यांनी एअरस्ट्रीम क्लिपर बाजारात आणला. विमानासारखा गोलसर, रिव्हेट ठोकलेल्या अॅल्युमिनियमचा, चार जणांना झोपायची जागा असलेला, स्वतःचं पाणी आणि विजेचे दिवे वाहून नेणारा. किंमत १,२०० डॉलर, मंदीच्या काळात डोळे पांढरे करणारी. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी १३६ शिपाई कॅलिफोर्नियाच्या सीमांवर पाठवले. दुष्काळात शेती गमावून जुन्या मोटारींवर गाद्या बांधून येणाऱ्या कुटुंबांना परत पिटाळण्याचा हुकूम त्यांना होता. दोन्हीकडे मोटारीवर बांधलेलं बिऱ्हाडच होतं. एकाला मासिकाच्या मुखपृष्ठावर जागा मिळाली आणि दुसऱ्याला नाक्यावर काठी.

आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने एक छोटी पुस्तिका छापली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल, कुठे रात्री पाठ टेकता येईल, याची ती यादी होती. पहिली आवृत्ती न्यूयॉर्कपुरती. पुढे ती देशभर पसरली आणि एस्सोच्या पेट्रोलपंपांवर मिळू लागली. तिच्यात हॉटेलांपेक्षा मोलाची नोंद असे ती घरांची. लहान गावांतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी, त्यातही अनेक ठिकाणी एकट्या बायकांनी, आपली एखादी खोली अनोळखी वाटसरूसाठी मोकळी ठेवलेली असे. ज्यांना गोऱ्यांच्या तळावर गाडी लावता येत नव्हती, त्यांच्यासाठी ही घरं जिवाच्या आकांताने शोधायची ठिकाणं होती. दिवस मावळल्यावर काळ्या माणसाने थांबू नये अशी गावं अमेरिकेत शेकड्यांनी होती. राष्ट्रीय उद्यानंही या भेदातून सुटलेली नव्हती. शेनन्डोआ उद्यानात लुइस माउंटन हा तळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढला होता. ग्रीन यांचं पुस्तक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिलं, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर त्याची गरज ओसरली. यजमानांची छापील यादी ही कल्पना पुढे सुखाच्या सहलींसाठी अनेकांनी वापरली. पण तिच्यावर माणसांचा जीव अवलंबून होता, तो काळ ग्रीन यांचा.

दुसऱ्या महायुद्धात ट्रेलर कारखान्यांच्या कामगारांची वसाहत बनले. ती हकिगत वेगळी. युद्धानंतर हौशी प्रवासाला पुन्हा उभं केलं ते वॉली बायम यांनीच. ऑरेगनमध्ये वाढलेला हा माणूस पोरवयात मेंढपाळाचं काम करायचा. गाढवाने ओढलेल्या दुचाकी गाड्यात रॉकेलचा स्टोव्ह, शिधा, बादली, आणि तिथेच झोपायचं. १९५१ पासून त्यांनी एअरस्ट्रीमचे तांडे परदेशात नेले. १९५९-६० चा तांडा केपटाउनहून कैरोला पोचला. त्यांच्या निधनानंतर, १९६३-६४ मध्ये, एक तांडा सिंगापूरहून युरोपकडे जाताना भारतातूनही गेला. पण तांड्यांपेक्षा टिकाऊ ठरली ती १९५५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या क्लबची एक साधी रीत. प्रत्येक सभासदाच्या ट्रेलरवर ठळक लाल आकडे असत आणि क्लबच्या वार्षिक नामावलीत सभासदाच्या नावापुढे खूण असे: माझ्या घरासमोर एका ट्रेलरची जागा आहे, फोन करून या. लाल आकड्यावरून यजमान पाहुण्याला ओळखी आणि नामावलीवरून पाहुणा यजमानाला. पैशांचा विषय नसे. आजच्या सगळ्या यजमान-जाळ्यांचं मूळ मला या दोन गोष्टींत दिसतं.

जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन, ट्रकवर बसवलेल्या केबिनमधून अमेरिका पाहायला निघाले, तेव्हा त्यांनीही आपल्या पुस्तकात हेच वर्णन केलं: आधी जमिनीच्या मालकाची परवानगी, मग त्यालाच आपल्या गाडीत कॉफीला बोलावणं. त्या पुस्तकातल्या कित्येक प्रसंगांच्या खरेपणाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या आहेत, पण ही रीत त्यांनी शोधून काढलेली नव्हती. ती रस्त्यावर होतीच.

ती मागे पडली महामार्गांमुळे. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचं आंतरराज्य महामार्गांचं जाळं आखलं गेलं. गाडी शेताच्या फाटकासमोरून न जाता शेतांच्या वरून जाऊ लागली. १९६२ मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्यांची रीघ पाहून मोंटानातल्या बिलिंग्ज इथे डेव्ह ड्रम यांनी यलोस्टोन नदीकाठच्या जमिनीवर तळ उघडला. रात्रीचे पावणेदोन डॉलर, त्यात गरम पाण्याची अंघोळ. त्यातून केओए ही साखळी वाढली. वीज, पाणी, मैलावाहिनी यांना गाडी जोडायची, सकाळी काढायची, पुढे निघायचं. सोय चोख होती. फक्त शेजारच्या गाडीतल्या माणसाखेरीज कुणाशी बोलायचं कारण उरलं नाही. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने एस्केपीज हा क्लब काढला तो काही अंशी हाच ओलावा परत मिळवण्यासाठी. बारमाही ट्रेलरमध्ये राहणारे त्यांचे सभासद एकमेकांच्या दारात जाऊन उतरत.

शेतकरी या कथेत परत आला तो फ्रान्समध्ये. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या गावांमध्ये मोटार-घरांना मज्जाव वाढला होता. वाहनतळांच्या तोंडाशी उंच गाड्या अडवणारे आडवे दांडे लागत होते. अशा वेळी ‘फ्रान्स पासियाँ’ या मार्गदर्शिकेने द्राक्षबागाईतदार, चीज करणारे, फळबागवाले यांना जोडलं. दरवर्षी वसंतात नवी पुस्तिका निघते, तिच्यासोबत गाडीच्या काचेवर लावायची खूणचिठ्ठी मिळते. ती असली की बागाईतदाराच्या आवारात २४ तास मोफत मुक्काम. वाइन घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही. सक्ती आहे ती शिष्टाचाराची: आल्यावर यजमानाला भेटून नमस्कार करायचा, जाताना निरोप घ्यायचा. आज अशी दोन हजारांहून अधिक ठिकाणं आहेत. जर्मनी, इटली, स्पेन इथेही याच धर्तीच्या योजना उभ्या राहिल्या.

युरोपातली ही पद्धत अमेरिकेत नेली डॉन आणि किम ग्रीन या दांपत्याने. २०१० च्या सुमारास त्यांनी ‘हार्वेस्ट होस्ट्स’ सुरू केलं: प्रवाशाने वार्षिक वर्गणी भरायची, यजमानाने रात्रीचे पैसे घ्यायचे नाहीत आणि पाहुण्याने त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यावं ही अपेक्षा. २०१८ मध्ये हे जाळं नव्या मालकाकडे गेलं तेव्हा यजमान सहाशेच्या आसपास होते. आता ते हजारोंच्या घरात आहेत. वायनरी, दुग्धशाळा, लॅव्हेंडरची शेतं, अल्पाका पाळणारे, छोटी वस्तुसंग्रहालयं, पुढे गोल्फची मैदानंही आली. कॅनडातल्या एका मायलेकींनी २०१२ मध्ये उभारलेलं, ट्रेलरवाल्यांनी ट्रेलरवाल्यांना घराच्या अंगणात जागा देण्याचं ‘बूनडॉकर्स वेलकम’ हे जाळंही २०२१ मध्ये त्यातच सामील झालं. एअरस्ट्रीमच्या नामावलीचीच ही नवी पिढी.

हा व्यवहार शक्य झाला तो एका अगदी अनाकर्षक वस्तूमुळे: टाकी. यजमानाची पहिली अट असते की गाडी स्वयंपूर्ण हवी. शौचकूप आत, त्याची बंद टाकी वेगळी, भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची टाकी वेगळी, स्वयंपाक आत. टाक्या रिकाम्या करायच्या त्या नेमून दिलेल्या केंद्रावरच. शेतकऱ्याच्या जमिनीवर थेंबभरही पडायला नको. १९२० च्या शेतकऱ्याने ज्या कारणांसाठी फाटक लावलं, त्यातली बरीचशी या एका अटीत मिटली. बाकीच्या अटी साध्या आहेत: आधी कळवून यायचं, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं, अंगणात चूल मांडायची नाही, दुसऱ्या दिवशी निघायचं.

यजमानाला यातून काय मिळतं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. धनगरांचा वाडा दिवाळीनंतर खाली उतरतो तेव्हा शेतकरी त्यांना आपल्या वावरात मेंढ्या बसवायला सांगतो. रात्रीतून लेंडीखत पडतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. आयोवातल्या चीजवाल्याचं गणित फारसं वेगळं नाही. मुक्कामी कुटुंब संध्याकाळी दोन तास गोठ्यात घालवतं, दुधाची चव घेतं आणि जाताना पिशवी भरतं. तिथल्या छोट्या शेतीला या पैशाची गरजही आहे. अमेरिकी कृषिगणनेनुसार २०१७ मध्ये तिथे सुमारे २० लाख ४० हजार शेतं होती, २०२२ मध्ये ती १९ लाखांवर आली. उलट ट्रेलरवाले वाढले: कोरोनाच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, तिथल्या कारखान्यांनी ६ लाख आरव्ही विक्रीसाठी पाठवल्या, तोवरचा हा उच्चांक.

महाराष्ट्रात या दोन गोष्टी अजून वेगवेगळ्या फायलींमध्ये आहेत. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं आणि त्यानंतर राज्यभर अशी शेकडो केंद्रं निघाली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं. पहिल्यात यजमान शेतकरी आहे आणि दुसऱ्यात चाकांवरचा पाहुणा. ब्रिटनच्या पाच गाड्यांच्या सवलतीसारखी एखादी सुटसुटीत तरतूद झाली, पाण्याचा नळ आणि तालुक्याला एक मैलापाणी केंद्र एवढी सोय झाली, तर आंब्याच्या बागेत, द्राक्षाच्या मळ्यात किंवा कोकणातल्या परसात उतरणाऱ्या गाडीसाठी मोठमोठे तळ बांधायची गरज पडणार नाही. ते काम अवघड नाही, आणि करायला हवं.

मात्र ते करताना स्टेबल्स यांच्या काळापासूनचा दुसरा धागाही हातात धरायला हवा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती आत्मकथा. १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी भटक्या-विमुक्तांची पालं गावाबाहेरूनही उठवली जाणं काही थांबलं नाही, आणि चराईच्या जमिनी आटत गेल्याने धनगरांच्या वाड्यांनाही दरवर्षी वाट शोधावी लागते. रात्रभर थांबायची जागा, पिण्याचं पाणी आणि शौचाची सोय ही कॅराव्हॅनवाल्याची गरज आहे तशीच यांचीही. राज्याने मुक्कामाच्या जागा आखायला घेतल्या की त्यांच्या यादीत पालांची आणि मेंढरांच्या वाड्यांची जागा आधी धरावी, आणि ती आखताना शतकानुशतकं रस्त्यावर राहत आलेल्या या माणसांना सल्ल्यासाठी बोलवावं. मुक्कामाबद्दल त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.